पाळीच्या आधी, पाळीत आणि नंतर: कोणतं लक्षण कधी येतं आणि ते वहीत कसं टिपायचं

बकुळफूल (धागाकर्ती)

पाळीच्या आसपास काय काय होतं याची यादी सगळ्यांना पाठ असते. चिडचिड, ओटीपोटात कळा, कंबर धरणं, स्तन जड होणं, पोट फुगणं, पिंपल, गोड खावंसं वाटणं, उगीच रडू येणं. अडचण अशी की यातलं जवळजवळ प्रत्येक लक्षण पाळीशिवायही होतं. थायरॉइड मंदावला तरी गळून जायला होतं, रक्त कमी असलं तरी चिडचिड होते, नैराश्यात रडू येतंच. त्यामुळे "मला ही सात लक्षणं आहेत, हे पीएमएस (पाळीआधी दर महिन्याला होणारा त्रास) का?" याचं उत्तर यादीवरून देता येत नाही. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला आणि कोणत्या दिवशी गेला, यावरून देता येतं. त्यातही गेला कधी, हे जास्त महत्त्वाचं.

आधी मोजणी. ताजं लाल रक्त जाऊन पॅड घ्यावा लागतो तो दिवस पहिला. त्याआधी एक-दोन दिवस तपकिरी डाग पडले तर ते मागच्या चक्रात धरायचे. निम्मा घोळ इथेच होतो: डागापासून मोजलं की चक्र दोन दिवसांनी सरकतं आणि "पाळीच्या दुसऱ्या दिवशी मायग्रेन" ही नोंद प्रत्यक्षात पाळीच्या आदल्या दिवसाची असते. प्रौढ वयात २४ ते ३८ दिवसांचं चक्र नॉर्मल. २८ हा सोयीचा आकडा आहे, नियम नाही.

चक्राचा पहिला भाग, म्हणजे पाळीपासून बीज फुटेपर्यंतचा, लांबतो आणि आखडतो. प्रवास, आजारपण, परीक्षा, वजनातला बदल, सगळं इथे दिसतं. दुसरा भाग बराचसा ठरलेला असतो, बहुतेकींचा १२ ते १४ दिवसांचा. म्हणून ३५ दिवसांच्या चक्रात बीज चौदाव्या दिवशी फुटत नाही, एकविसाव्याच्या आसपास फुटतं. पाळीआधीची लक्षणं शोधताना पुढच्या पाळीपासून उलटं मोजायचं ते याचसाठी.

आता कुठे काय होतं ते.

पाळीचे पहिले दोन-तीन दिवस प्रोस्टाग्लँडिनचे. गर्भाशयाचं अस्तर सुटताना हे रसायन तयार होतं, त्याने स्नायू आवळतात, आतला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळ येते. मांड्या भरून येतात, कंबर ठणकते. तेच रसायन आतड्यापर्यंत पोचलं की पातळ शौचाला होतं, मळमळतं, कुणाला उलटी होते. म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवशी पोट बिघडलं तर दरवेळी आदल्या रात्रीच्या पाणीपुरीला दोष द्यायला नको. साध्या पाळीच्या कळा रक्तस्रावाबरोबर किंवा काही तास आधी सुरू होतात आणि ४८ ते ७२ तासांत ओसरतात.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून इस्ट्रोजेन हे हार्मोन चढू लागतं. झोप बरी लागते, डोकं स्वच्छ चालतं. दिवस ६ ते १२ हा आठवडा नीट लक्षात ठेवा. खालच्या सगळ्या हिशेबात तो "कोरा आठवडा" म्हणून येणार आहे.

बीज फुटण्याच्या आसपास अंगावरून जाणारा पांढरा स्राव पातळ, पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार येणारा होतो. काहींना ओटीपोटात एकाच बाजूला टोचल्यासारखं दुखतं, काही मिनिटं ते एक-दोन दिवस. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे अंगाचं सकाळचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जातं आणि पाळी येईपर्यंत तिथेच राहतं. रात्री उकडून जाग येणं यातलंच.

पुढचे पाच-सहा दिवस बहुतेकींचे शांत जातात. मग शेवटचा आठवडा. प्रोजेस्टेरॉन आतड्याची चाल मंदावतं, म्हणून बद्धकोष्ठ. स्तन दोन्ही बाजूंना, जास्त करून बाहेरच्या वरच्या भागात दुखरे. हनुवटी आणि जबड्यावर पिंपल. पाणी साठल्याने अंगठी घट्ट होते आणि वजन किलोभराने वर दिसू शकतं. ती चरबी नाही, पाळी सुरू झाल्यावर उतरते. गंमत म्हणजे फुगल्यासारखं सगळ्यात जास्त वाटतं ते बहुतेकदा पाळीच्या पहिल्याच दिवशी, त्याआधी नाही.

मनाचं काय? चिडचिड, रडू, धास्ती, कुणी सहज बोललेलं लागणं, हे शेवटच्या आठवड्यात चढतं. पण ज्यांना तीव्र त्रास होतो त्यांची हार्मोन्स कमी-जास्त नसतात. इतर बायकांएवढीच असतात. फरक मेंदू त्या चढउताराला कसा प्रतिसाद देतो त्यात असतो. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत एक पदार्थ बनतो, ॲलोप्रेग्नॅनोलोन. तो एरवी शांत करतो. काही जणींच्या मेंदूत त्याच्या चढउताराने उलटंच होतं.

वहीचं आता. मोबाइल चालेल, पण चौकटींची वही सगळ्यात बरी. एका पानावर एक चक्र. आडव्या ओळीत दिवस, उभ्या स्तंभांत लक्षणं, जास्तीत जास्त आठ: चिडचिड, उदास, धास्ती, झोप, थकवा, स्तन, पोट/कंबर, डोकेदुखी. प्रत्येकाला ० ते ३ गुण. ० नाही, १ आहे पण विसरायला होतं, २ जाणवतं पण काम होतं, ३ काम, अभ्यास किंवा बोलणं अडलं. शेवटी दोन छोटे रकाने: रक्तस्राव आणि घेतलेली गोळी. रोज रात्री झोपण्याआधी भरायचं, एक मिनिट लागतं. भरलेली ओळ अशी दिसते:

दिवस २६ | चिड ३ | उदास २ | धास्ती १ | झोप २ | थकवा २ | स्तन ३ | पोट १ | डोकं ० | रक्त नाही | गोळी नाही

दोन पूर्ण चक्रं भरली की हिशेब. पाळीआधीच्या ७ दिवसांचे चिडचिडीचे गुण मिळवा, ७ ने भागा. मग दिवस ६ ते १२ चे तसंच. पहिला आकडा २.६ आणि दुसरा ०.३ आला तर ते पाळीशी बांधलेलं आहे. पहिला २.६ आणि दुसरा १.९ आला तर मूळ दुखणं वेगळं आहे आणि पाळीआधी ते फक्त वाढतं. नैराश्य, धास्ती, मायग्रेन, दमा, फिट्स, हे सगळं पाळीआधी वाढू शकतं. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून हा कोरा आठवडा भरायला विसरू नका. बहुतेकींची वही नेमकी तिथेच रिकामी राहते, कारण बरं वाटत असताना लिहायचं सुचत नाही.

घाटावरची

उत्तम. ॲप वापरलं तर चालेल का? त्यात बीज फुटल्याचा दिवसही दाखवतात.

बकुळफूल

चालेल, पण ॲप तो दिवस बघत नाही, मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं. चक्र अनियमित असेल तर अंदाज चार-पाच दिवसांनी सहज चुकतो. तो दिवस खरंच हवा असेल तर मेडिकलमध्ये मिळणारी एलएच पट्टी वापरा (बीज फुटण्याआधी उसळणारं एलएच हार्मोन ती लघवीत दाखवते). ती पॉझिटिव्ह आल्यावर साधारण २४ ते ३६ तासांत बीज फुटतं. पीसीओडीत (बीज नियमित न फुटण्याच्या हार्मोनच्या बिघाडात) एलएच मुळात वर असू शकतं, तिथे पट्टी फसवते.

आणि रविवारी बसून आठवड्याचं एकदम भरायचं नाही. पाळी जवळ आली हे माहीत असलं की मागचे दिवस आठवताना वाईटच आठवतात.

लॅबवाली

हार्मोन्सबद्दल वर आलंय त्याला पुस्ती. पीएमएस आहे का हे बघायला म्हणून इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, एएमएच असं मोठं पॅकेज करणाऱ्या बऱ्याच असतात. त्यातून पीएमएस कळत नाही, कारण त्यात ते नॉर्मलच येतं. पैसे घालायचेच असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइड), या तिघांवर घाला.

फेरिटिन मुद्दाम लिहिलं. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही फेरिटिन ३० च्या खाली असू शकतं. म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपत आलाय, रक्तात अजून दिसत नाही एवढंच. थकवा, केस गळणं, जिना चढताना धाप, चिडचिड हे तेव्हापासूनच सुरू होतं आणि खापर पाळीवर फुटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्क्यांहून जास्त बायका ॲनिमिक निघाल्या. त्यामुळे ही तपासणी आधी. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना मात्र फेरिटिन करू नका, तेव्हा ते खोटं वर दिसतं.

औषधवाला

काउंटरवर सगळ्यात जास्त चुकीची घेतली जाणारी गोळी म्हणजे पाळीतली वेदनाशामक. कळा असह्य झाल्यावर, रिकाम्या पोटी, एक. मग संध्याकाळी परत एक. अशाने अर्धाच उपयोग होतो.

मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात. आधीच तयार झालेलं ती पुसत नाहीत. म्हणून रक्त दिसताक्षणी किंवा पहिली कळ जाणवताच सुरू करायची आणि पहिले दोन दिवस घड्याळाप्रमाणे घ्यायची. तारीख पक्की असणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी सुरू केली तरी चालते. प्रौढांसाठी नेहमीचा डोस: मेफेनॅमिक ॲसिड पहिल्यांदा ५०० मिग्रॅ, मग दर ६ तासांनी २५०, किंवा आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ दर ६ ते ८ तासांनी, स्वतःच्या मनाने घेताना दिवसाला १२०० च्या वर नाही. काहीतरी खाऊनच. दोन-तीन दिवसांपलीकडे नाही. यातल्या दोन एकत्र कधीच नाहीत: अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक चालू असेल तर पाळीसाठी वर आणखी एक नको.

आपल्याकडे खपणाऱ्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमिन असतं. ते स्नायू सैल करतं, पण त्यानेच तोंड कोरडं पडतं, डोळ्यासमोर धूसर होतं, झोप येते. स्कूटर चालवायची असेल तर साधं मेफेनॅमिक किंवा आयबुप्रोफेन बरं.

अल्सर, किडनीचा आजार, वेदनाशामकाने उठणारा दमा, डेंग्यूचा संशय किंवा दिवस गेल्याची शक्यता असेल तर यातलं काहीच नको, आधी डॉक्टर. नोव्हेंबर २०२३ मध्ये इंडियन फार्माकोपिया कमिशनने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती, ड्रेस सिंड्रोम नावाच्या दुर्मिळ पण गंभीर रिॲक्शनबद्दल. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, गळ्यात गाठी असं काही दिसलं तर गोळी बंद आणि लगेच दवाखाना. घाबरून जन्मभर गोळीच नको असा त्याचा अर्थ नाही.

सदाफुली

शेकाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. ओटीपोटावर ४० अंशांच्या आसपासचा सलग शेक साध्या कळांवर आयबुप्रोफेनच्या तोडीस तोड ठरलेला आहे, दोन्ही एकत्र केले तर आराम लवकर पडतो. रबरी पिशवी दोन तृतीयांशच भरायची, झाकण लावण्याआधी दाबून हवा काढायची, आणि कापडात गुंडाळूनच वापरायची. उकळतं पाणी ओतू नये, रबर लवकर तडकतं. त्वचेवर जाळीसारखे तपकिरी-लालसर पट्टे उमटू लागले तर शेक जास्त गरम आणि जास्त वेळ होतोय.

सुंठीचाही उपयोग होतो, पण चहातल्या चिमटीने नाही. दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम सुंठपूड, दोन-तीन वेळा विभागून, पाळीचे पहिले तीन-चार दिवस. पाऊण ग्रॅम म्हणजे साधारण अर्धा सपाट छोटा चमचा. ॲसिडिटी असेल तर सोडून द्या.

तिरकस

आमच्या आज्यांना हे पीएमएस वगैरे कधी झालं नाही. शेतात काम करायच्या.

बकुळफूल

आज्यांना पाळीच कमी वेळा आली. लवकर लग्न, सहा-सात बाळंतपणं, प्रत्येक मूल दोन वर्षं अंगावर. गरोदरपणात पाळी नाही, अंगावर पाजताना बराच काळ नाही. आजच्या बाईला आयुष्यात त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त पाळ्या येतात. आणि त्यांना काय होत होतं हे विचारलं कोणी होतं?

सदाफुली

+१

शिवाय भांडण रंगात आल्यावर "तारीख जवळ आली का?" विचारणाऱ्यांसाठी: बरोबर असलात तरी विचारायचं नाही.

घाटावरची

जास्त अंगावरून जातं म्हणजे नक्की किती? "खूप जातं" हे प्रत्येकीचं वेगळं असतं.

लॅबवाली

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिली रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर जास्त. मोजायच्या दोन रीती.

मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर सोपं. कपावर मिलीच्या खुणा असतात, रिकामा करताना आकडा लिहायचा, पाळी संपली की बेरीज.

पॅड वापरत असाल तर गुण द्यायचे. बदललेल्या प्रत्येक पॅडला: फक्त डाग असेल तर १, मध्यम भिजला तर ५, पूर्ण भिजला तर २०. लहान गाठ पडली तर १, मोठी पडली तर ५. पूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव ८० मिलीच्या वर असण्याची शक्यता दाट. एक सावधानता: ही मोजणी साध्या पॅडवर बेतलेली आहे. आताच्या जेलवाल्या एक्स्ट्रा लार्ज पॅडमध्ये तेवढंच रक्त "मध्यम" दिसतं, तर कापडाच्या पॅडवर थोडंही पसरून जास्त वाटतं. म्हणून एकाच प्रकारच्या पॅडवर मोजा.

आकडेमोड न करता कळण्याच्या खुणा: दर तासाला पॅड भिजून बदलावा लागणं आणि असं सलग काही तास चालणं, दोन पॅड एकावर एक लावावे लागणं, रात्री उठून बदलणं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी, आठ दिवसांपलीकडे चालणारी पाळी. तासाला पॅड भिजत असताना चक्कर येत असेल तर सकाळपर्यंत थांबू नये.

औषधवाला

यावर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतात, फक्त जास्त जाण्याच्या दिवसांपुरतं. रक्त जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी कमी होतं. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाल्याचा इतिहास असेल तर चालत नाही, म्हणून चिठ्ठीशिवाय मागू नका.

रानजाई

गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेणाऱ्यांसाठी कुणीतरी लिहा. श्रावणापासून विचारणा सुरू होते.

औषधवाला

नॉरएथिस्टेरॉन ५ मिग्रॅ, दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. चुका कुठे होतात ते सांगतो. तारखेच्या दिवशी सुरू केली तर बहुधा उपयोग होत नाही. दोनदाच घेतली तर मध्येच डाग दिसतात. आणि ही गोळी गर्भनिरोधक नाही. उशीर आधीच झाला असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट केल्याशिवाय घ्यायची नाही.

गुठळीचा इतिहास, लिव्हरचा आजार, स्तनाचा कॅन्सर, डोळ्यासमोर चमक येऊन होणारं मायग्रेन, यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. गोळी चालू असताना पोट फुगणं, स्तन दुखणं, मन उतरणं हे पाळीआधीसारखंच होऊ शकतं. गोळीही प्रोजेस्टेरॉनच्याच घराण्यातली आहे, तेव्हा नवल नाही. त्या महिन्याच्या वहीवर "गोळी" असं ठळक लिहा आणि ते चक्र हिशेबात धरू नका.

घ्यावी की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. माझ्या मते पाळी असली म्हणून मोदक बिघडत नाहीत.

रानजाई

धन्यवाद. शेवटचं वाक्य सासूबाईंना दाखवता येणार नाही, बाकीचं दाखवेन. :)

निशिगंध_७

चमक येऊन मायग्रेन असा उल्लेख आला म्हणून. पाळीचं मायग्रेन बघायची खिडकी ठरलेली आहे: पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत. तीनपैकी दोन पाळ्यांना तरी याच पाच दिवसांत अटॅक आला तर तो पाळीशी जोडलेला म्हणायचा. कारण इस्ट्रोजेन एकदम खाली येणं. तारीख नियमित असेल तर न्यूरॉलॉजिस्ट त्या पाच-सहा दिवसांपुरतं आधीच औषध सुरू करून देतात, रोजचं वर्षभर घ्यावं लागत नाही. म्हणून वहीत डोकेदुखीसमोर वेळ, कोणती बाजू, उलटी आणि उजेडाचा त्रास एवढं लिहा.

डोकेदुखीच्या आधी ५ ते ६० मिनिटं वेड्यावाकड्या चमकणाऱ्या रेषा दिसणं, अर्धं अंग मुंग्या येणं, शब्द न सापडणं, असं होत असेल तर त्याला ऑरा म्हणतात. अशा बाईला इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. पाळीच्या त्रासासाठी गोळ्या सुरू करताना हे डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगायचं.

घाटावरची

कळा साध्या आहेत की आत काही आहे, हे घरी कसं ओळखायचं?

बकुळफूल

पुन्हा तारखाच. साध्या कळा पहिली पाळी आल्यावर सहा महिने ते वर्षभरात सुरू होतात, कारण तेव्हापासून बीज नियमित फुटायला लागतं. त्या वयाबरोबर वाढत जात नाहीत. याउलट पंचविशी-तिशीत नव्याने सुरू झालेलं दुखणं, दर वर्षी वाढणारं, पाळीच्या तीन-चार दिवस आधीपासून पाळी संपल्यावरही राहणारं, संबंधांच्या वेळी खोलवर दुखणं, पाळीत शौचाला किंवा लघवीला जाताना कळ, यात एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), ॲडिनोमायोसिस (तोच थर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) बघावं लागतं. वेदनाशामक नीट घड्याळाप्रमाणे घेऊन तीन पाळ्यांत फरक पडला नाही तरीही. साध्या कळा असूनही गोळीचा उपयोग न होणाऱ्या पाचांत एक असते, तेव्हा लगेच वाईट धरू नका, पण तपासून घ्या.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे एंडोमेट्रिओसिस नाही असं होत नाही. गाठ नसलेला, नुसते डाग असलेला प्रकार सोनोग्राफीत दिसत नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचं आहे" हे ऐकावं लागलं तर वही पुढे ठेवा आणि नाहीतर दुसरा डॉक्टर गाठा.

निशिगंध_७

आणि "पिशवी काढून टाका, कटकट संपेल" याबद्दल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली, एवढं ते आपल्याकडे सहज सुचवलं जातं. पिशवी काढली की रक्तस्राव थांबतो. पण बीजकोश जागेवर ठेवले तर हार्मोन्सचं चक्र चालूच राहतं आणि चिडचिड, स्तन दुखणं, उदासी महिन्याच्या महिन्याला येतच राहते, फक्त कोणत्या दिवशी ते कळायला पाळीची खूण उरत नाही. बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती आणि हाडं ठिसूळ. पाळीआधीच्या मनाच्या त्रासावर पिशवी काढणं हा उपाय नाही.

रानजाई

मनाचा त्रास नेहमीच्या पीएमएसच्या पलीकडे गेला, हे कधी म्हणायचं?

बकुळफूल

त्याला पीएमडीडी म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ मध्ये (२०१३) तो स्वतंत्र आजार म्हणून आला. निकष थोडक्यात: शेवटच्या आठवड्यात किमान पाच लक्षणं. त्यात चार मुख्यांपैकी एक तरी हवंच: मूड झरझर पालटणं, चिडचिड-भांडणं, उदासी-निराशा, धास्ती-ताण. बाकीची लक्ष न लागणं, आवडीच्या कामात रस न वाटणं, गळून जाणं, भूक आणि झोप बदलणं, ताबा सुटल्यासारखं वाटणं, शारीरिक दुखणी. पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत कमी व्हायला हवं, पाळीनंतरच्या आठवड्यात जवळजवळ नसायला हवं, आणि कामावर किंवा नात्यांवर खरा परिणाम हवा. वहीच्या भाषेत: कोऱ्या आठवड्यात ० आणि १, शेवटच्या आठवड्यात सलग ३.

उपचार आहेत आणि लागू पडतात. एसएसआरआय गटातली (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी) औषधं नैराश्यात काम करायला काही आठवडे घेतात, पीएमडीडीत काही दिवसांतच गुण दिसतो. त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञ ती कधीकधी फक्त पाळीआधीचे चौदा दिवस घ्यायला सांगतात, पाळी आली की बंद. दुसरा मार्ग ड्रोस्पिरेनोन ३ मिग्रॅ आणि इथिनिल इस्ट्राडिओल २० मायक्रोग्रॅमची गर्भनिरोधक गोळी, २४ दिवस चालू आणि ४ दिवस बंद. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं) समुपदेशन आहेच. मैत्रिणीची गोळी उसनी घेऊन मात्र यातलं काही करायचं नाही.

त्या दिवसांत जगायला नको असे विचार येत असतील तर दोन महिने वही भरत बसायचं नाही. लगेच बोला. टेली-मानसचा नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. विचार पाळीबरोबर जातात म्हणून ते कमी धोक्याचे नसतात.

सदाफुली

गोळ्यांच्या आधी करून बघण्यासारखं: आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास धाप लागेल असं चालणं, महिनाभर, फक्त त्रासाच्या आठवड्यात नाही. कॅल्शियम अन्नातून आणि गोळीतून मिळून दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ, दोन-तीन चक्रांनी फरक कळतो. नाचणी, तीळ, दही, ताक यातून बरंच जमतं. फुगवट्यासाठी शेवटच्या आठवड्यात पापड, लोणचं, फरसाण कमी.

बी-६ मोजूनमापून घ्यावं. दिवसाला १०० मिग्रॅच्या वर महिनोन्महिने घेतलं तर हातापायाला मुंग्या येतात, काहींना त्याहून कमी डोसमध्येही. इव्हिनिंग प्रिमरोज तेलावर पैसे घालू नका, उपयोगाचा ठोस पुरावा नाही. अळिवाचे लाडू खा, चवीला झकास असतात, पण फेरिटिन ८ असताना लाडवाने काम होणार नाही.

स्तनांत गाठ चाचपायची तर पाळी संपल्यावर, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. पाळीआधी सगळंच गाठाळ लागतं. पाळीनंतरही राहणारी, एकाच बाजूची गाठ दाखवायलाच हवी.

घाटावरची

हे सगळं शाळकरी मुलींना आणि चाळिशीच्या पुढच्यांना तसंच लागू?

लॅबवाली

मुलींना पहिली दोन-तीन वर्षं चक्र २१ ते ४५ दिवसांचं असू शकतं, बीज दर महिन्याला फुटत नाही, त्यामुळे नक्षी लगेच दिसत नाही. पण तीन महिने पाळीच नाही आली तर डॉक्टरांना दाखवा. आणि पहिल्या पाळीपासूनच सात-आठ दिवस धो धो, हिरड्यांतूनही रक्त येतं, असं असेल तर रक्त गोठण्याच्या तपासण्या करतात.

चाळिशीनंतर लागोपाठच्या दोन चक्रांत सात किंवा जास्त दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की रजोनिवृत्तीकडे जाणारा बदल सुरू झाला. भारतात रजोनिवृत्ती साधारण ४६-४७ ला. या काळात इस्ट्रोजेन आधीपेक्षा जास्त उसळतं आणि कोसळतं, म्हणून पूर्वी कधी त्रास नसलेल्यांनाही पाळीआधी झोप उडते, धास्ती वाटते. कोरा आठवडा आक्रसत जातो, वहीत ते स्पष्ट दिसतं. पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसलं तर ती पाळी धरायची नाही. त्या आठवड्यात डॉक्टर.

रानजाई

शेवटची शंका. कॅल्शियम आणि लोह दोन्ही चालू असेल तर?

औषधवाला

एका वेळी नाही, कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. लोह सकाळी उपाशीपोटी किंवा दोन जेवणांच्या मध्ये, लिंबूपाण्याबरोबर. चहा-कॉफी त्याआधी-नंतर तासभर नाही. पोटाला लागत असेल तर जेवणानंतर घ्या, थोडं कमी शोषलं जाईल पण निदान सुटणार नाही. दिवसाआड एक गोळी घेतली तरी चांगली शोषली जाते आणि बद्धकोष्ठ कमी होतं; डॉक्टरांना विचारून तसं करता येतं. शौचाला काळं होतं, ते चालायचंच. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यापासून दोन्ही चार तास लांब. हिमोग्लोबिन वर आल्यावरही लोह आणखी तीन महिने घ्यायचं, साठा भरायला तेवढे लागतात.